एक साक्षीदार हवा

हॉटेलच्या धुलाईखान्यात इस्त्री करणाऱ्याने वाफ बाहेर जायला पंखा मागितला. मालकाने वाफ आत ठेवली आणि त्याला बाहेर काढलं. कारण दिलं, काम कमी झालंय. चादरींचा ढीग तेव्हा छताला टेकायच्या बेतात होता.

तो एका वकीलबाईंकडे गेला. त्या ऐकून खूश झाल्या.

"तुम्हाला एकट्यालाच वेचून काढलंय. काम होतं तेवढंच आहे, असं सांगणारा आतला एक माणूस आणा. नोकरी परत मिळालीच म्हणून समजा."

तो आधी मेहुण्याकडे गेला. मेहुणा तिथेच मशीनवर होता.

"भावजी, तुमच्यासाठी जीव देईन," मेहुणा म्हणाला. "नोकरी तेवढी मागू नका."

घड्या घालणाऱ्या मावशी म्हणाल्या, "बाबा रे, मला दिसतं सगळं. पण कोर्टाचं नाव काढलं की डोळ्यांपुढे अंधार येतो."

बाकीचे तर तो दिसला की चादरीआड व्हायचे. बायकोने भावाशी अबोला धरला, पण साक्षीदार काही मिळाला नाही.

मग एका सकाळी तो वकीलबाईंच्या टेबलासमोर बसला होता, तर दाराबाहेर जिन्यावर अख्खा धुलाईखाना उभा. सगळ्यांत पुढे मेहुणा.

"भावजी, घ्या हव्या तेवढ्या साक्षी. मालकाने काल आम्हालाही काढलं. चादरी आता बाहेर धुवायला जाणार. आता कुणाच्या बापाला भ्यायचं कारण नाही."

 

वकीलबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अहो, तुम्हाला एकट्याला काढलं होतं तोवर अन्याय होता. आता मालकाने सगळ्यांना सारखाच न्याय दिलाय."