साठच्या वर न्हाय

"टायर दोन जोड घेऊ या. एक रस्त्याचा, एक ट्रॅकचा," तेजस्वी म्हणाली, आणि यशराजनं निमूट मान डोलावली.

पूर्णिमाकाकींनी पदर सावरून मनात अंबाबाईचं नाव घेतलं. समोर शोरूममध्ये नमुन्याची लाल गाडी उभी होती, जमिनीला पोट टेकल्यासारखी. असलीच नवी मागवायची होती. एरवी रस्त्यावर चालणारी आणि रविवारी गावाबाहेरच्या शर्यतीच्या ट्रॅकवर पळणारी.

यशराज त्यांचा एकुलता एक. दर रविवारी पहाटे गडमुडशिंगीच्या घरातून निघायचा तो ट्रॅकवर, आणि दिवेलागणीला धुळीनं माखून परत यायचा. विचारलं तर नुसता हसायचा. काकींचा धाकटा भाऊ पन्हाळ्याच्या घाटात मोटरसायकलवरून पडून गेला, तेव्हापासून वेगाचं नावही त्यांना नको असायचं. मंगळवारचे उपास त्यांनी त्याचसाठी धरले होते. पोराचं लग्न व्हावं, आणि बायकोच्या धाकानं तरी त्याचं पाऊल त्या ट्रॅकवरून घरी वळावं.

हंबीररावांनी, म्हणजे यशराजच्या वडिलांनी, हात झटकले होते. तुझ्या आईनं हो म्हटलं तर माझं काय अडत न्हाय, एवढंच ते म्हणाले. म्हणून यशराज आज आईला घेऊन शोरूममध्ये आला होता. वाटेत म्हणाला होता, "तिथं नीट बघ, बोल. न्हाय म्हटलीस तर मी पुन्हा विषय काढणार न्हाय."

टेबलापाशी मॅनेजर शशिधर आणि ही मुलगी आधीच बसलेली होती. "ह्या तेजस्वी. गाडीतलं सगळं ह्यांना कळतं," एवढी ओळख करून देऊन यशराज जो गप्प बसला तो बसलाच.

कळत होतं खरं. सीट कशी हवी ते तिनं लाल गाडीत बसूनच दाखवलं. पाठ आणि कंबर घट्ट धरली पाहिजे, वळणावर अंग हललं की हात चुकतो, म्हणाली. ट्रॅकसाठी दोन्ही खांद्यांवरून येणारा पट्टा, रस्त्यासाठी साधा. आणि बटण दाबलं की गाडीचं नाक वर उचललं जाईल अशी सोय, न्हाईतर गावातल्या पहिल्याच गतिरोधकावर पोट घासायचं. शशिधर एकेक गोष्ट तिलाच विचारून घेत होता. रंगाची वेळ आली तेव्हा यशराज म्हणाला, "तुम्ही म्हणाल तो." ती पांढरा म्हणाली. पांढरा ठरला.

काकींना बरं वाटलं. कधी नव्हे ते पोरगं कुणाचं तरी ऐकत होतं.

चहा आला. काकींपुढं मात्र दुधाचा कप ठेवला गेला. "आज मंगळवार," तेजस्वी हळूच म्हणाली. तशी काकींनी तिला पुन्हा एकदा नीट न्याहाळलं. कपाळावर बारीकशी टिकली, केस गच्च बांधलेले, तळहात राठ. कामाचे हात. बोलता बोलता त्यांनी सगळं काढून घेतलं. गाव गडहिंग्लजकडचं, वडील शिरोलीला फौंड्रीत असतात, लग्न अजून झालेलं नाही. कष्टाचं घर असणार, काकींनी मनात धरलं.

यशराज आणि शशिधर रंगाचे नमुने बघायला उठले. काकींनी खुर्ची पुढं ओढली.

"पोरी, खरं सांग. ह्यात जीव जातो का?"

तेजस्वीनं गोड बोलून टाळलं नाही. "जाऊ शकतो, काकी. पण ट्रॅकवर समोरनं उसाचा ट्रॅक्टर येत न्हाय. मला भ्या वाटतं ते रस्त्याचं."

"आणि आमचा हा?"

"ह्या गाडीत मी त्यांना साठच्या वर जाऊ देणार न्हाय."

"आणि तुझं कोण ऐकतंय?"

"ऐकतील की," ती शांतपणे म्हणाली. "न्हाईतर किल्लीच काढून घेईन."

काकींना हसू आलं. इतक्या वर्षांत यशराजविषयी असं ठामपणे बोलणारं त्यांना कुणी भेटलं नव्हतं. ते दोघं परत टेबलाशी आले तेव्हा तेजस्वीनं काकींकडं बघितलं. यशराजही बघत होता.

"माझी काय हरकत न्हाय," काकी म्हणाल्या.

घरी जाताना कावळा नाक्याच्या सिग्नलला गाडी थांबली. काकी पुढं बघत बोलल्या, "गाडीला मी हो म्हटलं. आता माझं एक ऐकायचं. लग्न करायचं ते त्या पोरीशी."

यशराजचा हात गियरवरच राहिला. सिग्नल सुटला. मागच्यानं हॉर्न मारला.

"तुझी इच्छा असंल तर," तो शेवटी म्हणाला, आणि तोंड खिडकीकडं फिरवलं. लाजला असंल, काकींना वाटलं.

त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली. ट्रॅक सुटणार होता. असली खंबीर सून घरात आली की रविवारी उंबरा ओलांडायची पोराची काय बिशाद!

शुक्रवारी देवीची ओटी भरून त्या देवळाबाहेर आल्या आणि चपला घालायच्या आधी शोरूमला फोन लावला. शशिधरनं उचलला. काकींनी आधी गाडी कधी येणार ते विचारलं, मग आवाज खाली आणून म्हणाल्या, तुमच्याकडच्या त्या तेजस्वीच्या आईवडिलांना भेटायचंय, आमच्या यशराजसाठी. पोरीला सुट्टी कधी असते?

शशिधर क्षणभर गोंधळला.

"त्या आमच्याकडं कामाला न्हाईत, काकी. शिरोलीची फौंड्री त्यांच्या वडिलांचीच, आणि ती गाडी त्यांनी स्वतःसाठी मागवलीय. रविवारी त्या शर्यतीत उतरल्या की तुमचे यशराज बाहेर त्यांची पर्स धरून उभे असतात."