तिची अकरा मिनिटं

"नवीन घ्या काका," घड्याळवाली म्हणाली. "याच्यात आता जीव राहिला नाही."

टर्नरकाकांनी घड्याळ काउंटरवर ठेवलं होतं, पण त्यावरचा हात काही काढला नव्हता. बुद्धिबळाचं डिजिटल घड्याळ ते. दोन खेळाडूंचे दोन आकडे शेजारीशेजारी, डावीकडे काकांचा वेळ, उजवीकडे लेकीचा. आकडे इतके फिके पडले होते की वाचायला मान वाकडी करावी लागत होती. कोपऱ्यात बॅटरीचं चित्र लुकलुकत होतं.

घड्याळवालीनं तोवर कपाटातून दोन नवी काढलीसुद्धा. बाईला विकण्यापेक्षा शिकवण्यात रस जास्त. हे स्वस्त आहे, पण याची वरची, चाल झाल्यावर दाबायची दांडी लवकर अडकायला लागते, घेऊ नका. हे घ्या, आकडे मोठे, दाबलं की खट्कन वाजतं आणि टेबलावरून पडलं तरी कुरकुर करत नाही. मात्र डाव झाला की बंद करायचं, आणि बरेच दिवस खेळणार नसाल तर सेल काढून ठेवायचे. आत विसरलात की ते पाझरतात, सेलला टेकणाऱ्या पत्र्या खातात, आणि मग लोक येतात माझ्याकडे तोंड पाडून. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, हेच दुरुस्त करायचंय. फक्त यावरचे आकडे जाता कामा नयेत.

आकडे जाणारच, ती म्हणाली. सेल काढले की हे सगळं विसरतं. त्यात काय एवढं, कागदावर उतरवून ठेवू आणि पुन्हा भरू.

"भरता मलाही येतं," काका म्हणाले. "पण मग ती मी भरलेली मिनिटं होतील. ही तिनं उरवलेली आहेत."

मग त्यांनी सांगितलं. लेक मागच्या खेपेला आली तेव्हा डाव रंगात असतानाच तिला न्यायला गाडी आली. काकांनी नुकताच घोडा पुढे टाकून आपल्या बाजूची दांडी दाबली होती, म्हणजे चाल तिची आणि धावणारा वेळही तिचा होता. वेळ संपला की डाव गेला, पण तिच्याकडे चांगली अकरा मिनिटं होती. खाली हॉर्नवर हॉर्न. घड्याळ थांबवा बाबा, पुढच्या वेळी येऊन हरवते तुम्हाला, म्हणाली आणि बॅग उचलून गेली. ती पुढची वेळ काही आली नाही. आधी नोकरी, मग नवं घर, मग आणखी काहीतरी. फोन येतो, नाही असं नाही. जेवलात का, गोळ्या घेतल्या का. येतेस कधी विचारलं की म्हणते, बघते. पट टेबलावर तसाच आहे. काका एकेक सोंगटी उचलून खालची धूळ पुसतात आणि होती तिथंच ठेवतात. घड्याळ बंद करायची मात्र त्यांची छाती झाली नाही. बाकीचं घर खायला उठतं, पण त्या टेबलाशी बसलं की वाटतं, ती नुसती पाणी प्यायला आत गेलीय.

घड्याळवालीनं नवी घड्याळं गुपचूप कपाटात ठेवली.

एक उपाय होता. बाहेरच्या सेलच्या दोन वायरी आतल्या पत्र्यांना टेकवून धरायच्या, म्हणजे सेल बदलेपर्यंत वीज तुटत नाही. पण तिचे दोन्ही हात सेल काढण्यात गुंतणार, वायरी काकांनाच धराव्या लागणार. हात हलला की खेळ खलास, तिनं आधीच बजावलं. काकांचा जन्म लेथवर टर्नर म्हणून गेलेला, एके काळी हात म्हणजे हातच होता. हल्ली चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी तोंडाला लावावा लागे. त्यांनी कोपरं काउंटरवर रोवली आणि श्वास धरला. तिनं फुगलेले सेल उचकटले, पत्र्यांवरचा पांढरा क्षार खरवडला, नवे सेल बसवले. मध्येच आकडे इतके विरले की काकांनी डोळे मिटून घेतले. हात मात्र हलू दिले नाहीत.

"उघडा आता," ती म्हणाली.

अकरा मिनिटं होती तशीच होती, नव्यासारखी काळीभोर.

आता दुरुस्त झालेली वस्तू चालवून पाहिल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही, हा त्या दुकानाचा शिरस्ता. झाकण लावता लावता तिच्या बोटानं सवयीनं चालू करायचं बटण दाबलं. उजवीकडचे आकडे धावायला लागले. लेकीचा वेळ. बाईनं जीभ चावली आणि थांबवायला हात पुढे केला, पण काकांचा तळवा आधीच बटण झाकून बसला होता.

"राहू द्या," ते म्हणाले. "जरा चालू दे."

त्यांनी स्टूल ओढलं आणि घड्याळासमोर बसले. समोरचा विचार करत असला की बोलायचं नाही, चुळबुळ करायची नाही. तसेच बसले, हनुवटीखाली मूठ धरून. अकराची दहा झाली, दहाची नऊ. पट्टा बदलायला आलेल्या गिऱ्हाइकाला बाईनं खुणेनंच थांबवलं. तिला राहवेना. एवढा जिवाचा आटापिटा केला तो काय ती मिनिटं अशी सांडायला?

"काका," शेवटी तिनं हळूच विचारलं, "वेळ संपला तर ती हरेल ना?"

"हरू दे." काकांनी आकड्यांवरची नजर काढली नाही. "हरलेलं तिला कधी पचत नाही. भांडायला तरी येईल."