पुएर्तो कोर्तेसची ओटी

शहाळं नको, नारळ हवा, हे मालिनीबाईंना काही केल्या सांगता येईना. बंदराबाहेर गाडा लावून बसलेली बाई दर वेळी हिरवं शहाळं उचलायची, भोक पाडायला कोयता उगारायची आणि मालिनीबाई "नो, नो" करत तिचा हात धरायच्या. शेवटी त्यांनी स्वतःच गाड्याखाली वाकून एक सोललेला, शेंडीवाला नारळ हुडकून काढला. सातव्या महिन्यातल्या लेकीची ओटी भरायची तर शेंडीचाच नारळ हवा, मग गाव होंडुरासमधलं का असेना.

बाकीचं सगळं पर्समध्ये होतं. खण, तांदूळ, सुपारी, हळदकुंकू. अमेरिकेतल्या शुगर लँडच्या घरून निघतानाच भरून घेतलेलं. नवऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. पुरुषोत्तमराव डोकं दुखतंय म्हणून बोटीवरच थांबले होते, ते बरंच झालं. दीपा नर्स होऊन इथल्या दवाखान्यात आली आणि इथल्याच रामोनशी लग्न करून मोकळी झाली, तेव्हा त्यांनी बजावलं होतं, "त्या पोरीचं नाव या घरात काढायचं नाही." माणूस शब्दाचा पक्का. मालिनीबाई मात्र मैत्रिणीच्या पत्त्यावर लेकीची पत्रं मागवत राहिल्या. तिला दिवस गेल्याचं त्यांना असंच कळलं होतं.

आणि आता, चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात, लग्नाच्या वाढदिवसासाठी पुरुषोत्तमरावांनी न्यू ऑर्लिन्सहून सुटणाऱ्या क्रूझची तिकिटं आणली. वाटेतल्या थांब्यांत पुएर्तो कोर्तेस हे नाव दिसलं तेव्हा मालिनीबाईंनी ते दोनदा वाचलं. नवऱ्याने थांबे वाचलेच नसणार. त्यांनी देवापुढे साखर ठेवली आणि दीपाला गुपचूप तारीख कळवली.

केळ्यांचे ट्रक धूळ उडवत जात होते. रुळांपलीकडे पत्र्याच्या घरांची एक ओळ होती, त्यातलं निळ्या दाराचं घर दीपाचं.

दार उघडलं आणि दोघी गळ्यात पडून रडल्या. पोट पुढे आलं होतं, पण पोरीचा चेहरा पार सुकला होता.

"किती वाळलीस गं. आणि जावई? कामावर?"

"आई, तू बस आधी. पाणी देते."

"बसायला वेळ कुठाय? बोट सुटायची. तूच बस, पूर्वेकडे तोंड करून."

दीपा बसली. तिच्या अंगात झगा होता, म्हणून मालिनीबाईंनी स्वतःची शाल तिच्या मांडीवर पसरली. कोयरी उघडली. बोटावर कुंकू घेतलं.

"आई, थांब," दीपा म्हणाली. "रामोन इज डेड. मार्चमध्ये. मासेमारीची बोट उलटली त्याची."

पोरीला कवटाळावं असंच मालिनीबाईंच्या मनात आलं होतं, हे अगदी खरं. पण मनाआधी हात थांबला. कपाळाशी गेलेलं कुंकवाचं बोट मागे आलं आणि त्यांनी ते रुमालाला पुसलं. त्यांच्या आईने हेच केलं असतं, आजीनेही. विचार करून थोडंच केलं होतं काही?

"असू दे," त्या चाचरत म्हणाल्या. "खण, नारळ तसाच ठेव तुझ्याकडे. ओटी नको आता. पोटात बाळ आहे, उगाच नाट लागायला नको."

दीपाने शालीची घडी घातली. नीट, टोकाला टोक जुळवून.

"लता मावशीला पण तू असंच केलं होतंस," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "काका गेल्यानंतर ती पहिल्यांदा आपल्याकडे हळदीकुंकवाला आली होती. तू तिला सोडून पुढच्या बाईला कुंकू लावलंस. मी गुलाबदाणी घेऊन तुझ्या मागेच होते. शी वेंट इन द किचन अँड क्राइड. मी दहा वर्षांची होते, आई."

"अगं, रीतच आहे ती. मी का मुद्दाम केलं?"

"आय नो. यू शुड गो. बोट चुकेल तुझी."

तेव्हा कुठे मालिनीबाईंना आपण काय केलं ते कळलं. त्यांनी धडपडत पुन्हा कोयरी उघडली, कुंकू सांडलं, बोट पुढे केलं. दीपाने हलकेच त्यांचं मनगट धरलं.

"आता नको," ती म्हणाली.

तिने आईला दाराबाहेर सोडलं आणि निळं दार लागलं. मालिनीबाईंनी ते खूप वेळ ठोठावलं, हाका मारल्या. शेजारची माणसं बाहेर येऊन बघायला लागली. दार काही उघडलं नाही.

परतताना त्या रस्ताभर रडत होत्या आणि मनातल्या मनात नवऱ्याला दोष देत होत्या. या माणसाने तेव्हा हट्ट केला नसता तर पोर आज हक्काने माहेरी आली असती. दगडाचं काळीज आहे मेल्याचं.

पुरुषोत्तमराव बंदराच्या फाटकाशी भर उन्हात उभे होते. दाढी केलेली, अंगात इस्त्रीचा शर्ट. बायकोला पाहून ते पुढे आले, पण त्यांची नजर तिच्या मागच्या रस्त्यावर होती.

"दीपा कुठंय?"

"तुम्हाला कसं ठाऊक?" मालिनीबाईंनी विचारलं.

"रामोन गेला तेव्हा तिने मला ऑफिसात फोन केला होता," ते म्हणाले. "घरी येऊ का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, आत्ता ये. तर म्हणाली, बाबा, आधी आईला एकटीला पाठवा, ती मला कशी घेते ते बघू दे, मगच येईन. म्हणून तर ही क्रूझ काढली." त्यांनी खिशातून लेकीचं विमानाचं तिकीट काढलं, पुन्हा रस्त्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बॅग आणायला थांबलीय का ती?"