कोवळं कोवळं तेवढं

यल्ला झाडावरून खाली उतरून अकरा दिवस झाले होते.

यल्ला म्हणजे स्लॉथ, फांदीला उलटा लटकून पानं खाणारा प्राणी. दुबई मरीनाजवळ काचेच्या छताखाली वाढवलेल्या जंगलातला. यल्ला म्हणजे अरबीत 'चल, लवकर'; सगळ्या प्राण्यांत हा मंद, म्हणून कुणीतरी मुद्दाम हे नाव ठेवलेलं. आठवड्यातून एकदा उतरायचा, शी करायचा, की परत वर. आता उतरायचं नावच नाही. पोट मात्र टम्म.

"भरल्या पोटी उपाशी मरतोय तो," डॉक्टर निखिल म्हणाले.

प्राण्यांच्या किचनमध्ये अनुपमा कमरेवर हात ठेवून उभी होती. यल्लाचं ताट तीच भरायची. समोर मधू, पानं आणून देणारा माळी. मोहम्मद बिन झायद सिटीतल्या व्हिलांमधून तुती, जास्वंद, शेवगा तोडून आणायचा. टेबलावर तिनं मधूविरुद्ध लिहिलेली तक्रार पडली होती, सहीसकट. डॉक्टरांनी ती पुढे पाठवली की मधूचं काम खलास.

"औषध मारतोस तू पानांवर. सच बोल."

"दीदी, दवा मारता तो पहले मालिक की बकरी मरती. वो भी यही खाती है."

"बकरीचं मला सांगू नकोस!"

"मॅडम, एक मिनिट." निखिलनी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "मी लॅबला दोन सॅम्पल पाठवली होती. एक मधूच्या क्रेटमधलं, एक यल्लाच्या ताटातलं."

"मग?"

"औषध दोन्हीत नाही. क्रेटमधल्या पानांत पोट साफ करणारं फायबर एकदम भरपूर. ताटातल्या पानांत निम्म्याहून कमी. पानं तीच. मधे काय होतंय?"

अनुपमाचे कान तापले. क्रेट आणि ताट यांच्यामधे तिच्याशिवाय कुणीच नव्हतं.

"म्हणजे काय, मी चोरते पानं? घरी नेऊन भाजी करते?"

मधूचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. तो कट्ट्याखालच्या कचऱ्याच्या डब्याकडे बघत होता. त्यानं पायानं झाकण उघडलं.

"दीदी, ये क्या है?"

डबा गच्च भरलेला. तुतीची जाड पानं, जास्वंदीची देठं, शेवग्याच्या काड्या.

"ते होय? ते जून आहे सगळं." तिला प्रश्नच कळला नव्हता. "निवडून टाकलंय. तास तास बसते मी त्याला. कोवळं कोवळं तेवढं देते. घरी मेथीसुद्धा मी अशीच..."

पुढचं वाक्य तिच्या तोंडातच राहिलं.

फ्रीज घरघरत होता.

अनुपमानं टेबलावरचा कागद उचलला, डब्यात टाकला, देठांवर. आजच्या क्रेटमधली तुतीची एक आख्खी फांदी ओढून काढली आणि तडातडा यल्लाच्या झाडाकडे गेली. मागून ते दोघं.

तिनं फांदी वर धरली. यल्ला हलेना. हात भरून आला.

"यल्ला, हबीबी, यल्ला," मधू हळूच, लाडानं म्हणाला. एरवी यावर सगळे हसायचे.

खूप वेळानं एक लांब नखांचा हात खाली आला. फांदी तोंडाशी गेली. कर्रकन आवाज झाला. देठासकट.

यल्ला पुढच्या पानाकडे वळला. जाड, खरबरीत, कडेला पिवळं पडलेलं पान. अनुपमाची बोटं आपोआप ते खुडायला उठली.

तिनं दुसऱ्या हातानं मनगट घट्ट धरून ठेवलं.