धुरपताबाईचा घास

बसा. चपला राहू द्या पायात. चपला बाहेर काढून आत शिरलेल्या एका नवरा-बायकोची गोष्ट सांगतो, तेवढी ऐका आन मग जा.

तर बन्सीधर उभा हाय पाथरीच्या एका दवाखान्यात, हात जोडून, कम्पुटरपुढं. मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर व्हायच्या आदल्या सालची गोष्ट. तवा कम्पुटर कुणी बगितला होता? पुण्याच्या कुण्या संस्थेनं कमल डाक्टरीन बाईला वापरून बगायला दिलता. त्याला धूळ चालत न्हाई म्हणून चपला बाहेर. लोकायला वाटलं, देवच आला. कुणीतरी त्याच्या टकुऱ्यावर हळद-कुंकू बी वाहिलं. बाई पुसून पुसून बेजार.

त्याचं काम असं. तो काचेवर सवाल दावायचा. बाई वाचून इचारायची. माणूस जबाब द्यायचा, बाई बटणं दाबायची. शेवटाला दुखणं काय, ते काचेवर उमटायचं. काच बाकड्याच्या तोंडाला. बाकड्यावर गावातला रिकामटेकडा दत्तराव ठाण मांडून बसायचा आन समद्यांचं मोठ्यानं वाचायचा. कुणाला मूळव्याध, कुणाला खरूज, सांजेपत्तर गावभर.

बन्सीधरची बायको धुरपताबाई स्टुलावर बसली होती. कापूस येचता येचता चक्कर येऊन पडली होती. बन्सीधरनं तिला जीपमधून आणली, सारी वाट तिचं डोस्कं आपल्या खांद्यावर धरून. जीपवाल्याला दहादा म्हणला, "हळू घे लेका, खड्डा बघ."

"मावशी, भूक लागती का?" बाईनं इचारलं.

"लागती की," बन्सीधर म्हणला.

"घास गिळताना काही तरास?"

"छ्या! कडक भाकर खाती ती, कुडुमकुडुम."

"झोप?"

"म्हशीवाणी!"

बाकडं हसलं. धुरपताबाईनं पदर तोंडाला लावला. बायकोला इचारलं की नवऱ्यानं सांगायचं, ही आपल्याकडची रीतच. त्यात बन्सीधरचं पाप न्हवतं. जीव होता तिच्यावर, म्हणूनच घाईघाईनं बोलायलता. चांगलं चांगलं सांगितलं तर चांगलंच निघंल, असं वाटायलतं त्याला.

काचेवर अक्षरं उमटली. दत्तराव उठून वाचला, "काळजीचे कारण नाही. विश्रांती घ्या." आन वर म्हणला, "बन्स्या, पेढे वाट!"

बन्सीधरच्या डोळ्याला पाणी आलं. "चल गं," तो म्हणला. "मशीन खोटं बोलत न्हाई."

डाक्टरीन बाई उठली न्हाई. तिनं धुरपताबाईचा हात हातात घेतला. नखं पांढरीफटक, मधी वाटीवाणी खोल गेलेली. मशीनला नखं दिसत न्हवती.

"काका," बाई म्हणली, "मावशी कवा जेवतात?"

"माझ्या मागून. आणिक कवा?"

"तवा तुमी कुठं असता?"

"ओट्यावर. पान लावीत."

"मग घास नीट उतरतो, हे बगितलं कुणी?"

बन्सीधर आठवू लागला. लेकरायची लग्नं झाली, नातवंडं झाली. बायको जेवताना कशी दिसती, हेच त्याला आठवंना.

बाईनं दत्तरावसकट समदं बाकडं बाहेर काढलं. बन्सीधरला बी काढलं. दार लावलं, कम्पुटरचं तोंड आपल्या खुर्चीमागच्या भिताडाकडं फिरवलं. बन्सीधर बाहेर उभा. पायात चपला घातल्या, त्या बी उलट्या. ध्यानात आलं न्हाई.

बऱ्याच येळानं दार उघडलं. बाईनं आधी धुरपताबाईलाच इचारलं, "मावशी, ह्यांना सांगायचं का?"

तिनं मान हलवली. मग आपल्याच तोंडानं सांगितलं, खाली बघून.

"दिवाळीपासून भाकर नरड्यात अडकायलीय. पाण्यात भिजवून दोन घास ढकलते. बाकीची गायीपुढं टाकते. तुमच्या जिवाला काहून घोर लावू?"

"रगत लय कमी झालंय," बाई म्हणली. "त्यानं बी नरडं असं धरतं. पर नुसत्या अंदाजावर मी सोडणार न्हाई. उद्या परभणीला मोठ्या दवाखान्यात तपासून घेऊ. आता मशीनमंदी त्यांचे जबाब घातले, तर ते बी तेच म्हणायलंय. बरं झालं, येळंत आलात."

बन्सीधर कम्पुटरकडं रागानं बघायला. "मग मघाशी खोटं बोललं की हे!"

"न्हाई काका," बाई म्हणली. "ते खरंच बोललं. मघाशी त्यानं तुमची तब्येत सांगितली."

त्या दिसापासून त्या कम्पुटरचं तोंड भिताडाकडंच राहिलं. ज्याचं दुखणं, त्याचाच जबाब. आन मशीन काय बी म्हणू दे, बाई हात धरून बगितल्याबिगर कुणाला उठू देत न्हवती. दत्तराव कुरकुरला, "दवाखान्यात आता काय मजा राहिली न्हाई."

परभणीत तपासलं. रगतच कमी निघालं, दुसरं काही वंगाळ न्हवतं. गोळ्या चालू झाल्या. पर त्याच्या आधी, पाथरीहून परतल्या त्याच सांजेला बन्सीधरनं पान लावलं न्हाई. दूध-भाकर कुस्करली, वाटी तिच्यापुढं ठेवली आन समोर मांडी घालून बसला. धुरपताबाई लाजून लाल.

"असं टकामका बघू नका. घास अडकंल ना!"

"अडकू दे," बन्सीधर म्हणला. "अडकला तर मला दिसंल."

झाली गोष्ट. आता उठा, घरी जा. बायको म्हणंल, तुमी आधी जेवून घ्या. आजच्या दिवस तिचं ऐकू नका. तिचं ताट आधी वाढा, आन समोर बसा.