वर्तक बाईंचा पहिला अहवाल

पॅथॉलॉजीच्या वर्तक बाईंचा अहवाल चुकला असावा, हे रेडिओलॉजीतली नवखी डॉक्टर तेजश्री त्यांच्याच तोंडावर सांगायला गेली. बाईंची तीस वर्षं मायक्रोस्कोपवर गेलेली. तिला सीटी स्कॅन वाचायला लागून जेमतेम वर्ष झालेलं.

"मॅडम, मुलगी एकोणीस वर्षांची आहे. स्वादुपिंडातली गाठ मोठी आहे, पण तिच्याभोवती स्वच्छ आवरण दिसतंय. तुमच्या अहवालात लिहिलाय तितका वाईट कॅन्सर असा दिसत नाही."

बाईंनी स्कॅन दोनदा पाहिला, गाठीच्या तुकड्याचे नवे काप काढायला लावले, त्यांना वेगळे रंग दिले. दुसऱ्या दिवशी जेवणाचा डबा न उघडताच त्यांनी तेजश्रीला मायक्रोस्कोपपाशी बोलावलं.

"तू म्हणतेस ते खरं आहे. ही तरुण मुलींना क्वचित होणारी वेगळीच गाठ आहे. काढून टाकली की बहुतेक जणी बऱ्या होतात. माझ्या नजरेतून निसटली."

सुधारलेला अहवाल वॉर्डात पाठवला असता तरी भागलं असतं. पण बाई स्वतः जिना उतरून गेल्या. मुलीचे वडील केमोथेरपीच्या संमतीपत्रावर सही करायला पेन शोधत होते.

"दादा, सही करू नका. पहिला अहवाल माझा होता, तो चुकला. ऑपरेशन करता येईल. पोरगी बरी होण्याची चांगली आशा आहे."

वडिलांना आधी काही उमजेना. मग ते बाईंच्या पायाशी वाकले. बाईंनी त्यांना दोन्ही हातांनी सावरलं आणि पाठीमागे उभ्या तेजश्रीला पुढे ओढलं.

"माझे नव्हे, हिचे आभार माना. हिनं माझा अहवाल खरा मानला नाही."