तिसरी हाक

परशुराम मास्तरांनी कुंपणाबाहेर उभं राहून पहिली हाक मारली, "दमयंती!" आणि आतून लगेच "ओ" आली.

मास्तर चपापले. सकाळपासून सड्यावरच्या या वाडीत सहा पोरांची परीक्षा झाली होती, पण पहिल्या हाकेला कुणी म्हणून ओ दिली नव्हती. पटकीचे दिवस होते. मरी दारात येऊन नावानं हाक मारते आणि ओ देईल त्याला घेऊन जाते, पण हाक मारते दोनदाच. तिसरी हाक माणसाचीच, हे वाडीतलं शेंबडं पोरसुद्धा जाणून होतं. मास्तर आधी हसले होते. पण हसून पोरं बोलतात थोडीच? मग त्यांनीही निमूटपणे दारोदारी तीन-तीन हाका मारायला सुरुवात केली.

शाळेत रोग्यांच्या खाटा पडल्या होत्या. वर्ष बुडू नये म्हणून मास्तरांनीच अर्ज केला की मी घरोघर फिरून चौथीची परीक्षा तोंडी घेतो. शाळाखात्याच्या डिपोटीसाहेबांनी परवानगी दिली, वर अटींचं शेपूट लावलं. कुंपणाच्या आत पाऊल टाकायचं नाही, पाटीला हात लावायचा नाही, कुणाच्या घरचं पाणी प्यायचं नाही आणि निकाल पोराला तोंडानं सांगायचा नाही. भर चैत्रातल्या दुपारी, तापलेल्या कातळावर उभं राहून ही पाण्याची अट पाळून बघावी साहेबांनी, असं मास्तर सकाळपासून मनात घोकत होते.

सातवं आणि शेवटचं घर दमयंतीच्या आईचं, येसूबाईचं. मास्तरांचा सगळा जीव याच घरात अडकला होता. दमयंतीचा बाप गलबतावर खलाशी. जाताना तो मास्तरांसमोरच बजावून गेला होता, पोरगी चौथी पास झाली तर रत्नागिरीच्या शाळेत घालीन, नाही तर वैशाखात लगीन उरकून टाकीन. पोरगी हुशार, पण दीडकीत, दीडाच्या पाढ्यात, घात व्हायचा. 'सतरा दीडं' आलं की हटकून साडेसव्वीस म्हणायची आणि जीभ चावायची. येसूबाई स्वतः अक्षरशत्रू, तरी रोज तिला चुलीपुढे बसवून दीडकी म्हणवून घ्यायची.

"अगो, तिसऱ्या हाकेला ओ द्यायची," मास्तर म्हणाले. "आईनं सांगितलं नाही तुला?"

दार अर्धवट उघडं होतं. आत काळोख. त्या काळोखातून आवाज आला, "आता चालतंय, गुरजी."

एकटीच आहे वाटतं घरात, म्हणून धिटाई आली असेल. मास्तरांनी मनाची समजूत घातली आणि प्रश्न सुरू केले. कविता विचारली, ती झाली. नद्या विचारल्या, त्याही झाल्या. पोरगी धडाधडा सांगत होती, मध्ये श्वाससुद्धा घेत नव्हती. भर दुपारची वेळ, पण घरावर धूर नव्हता आणि उंबऱ्यावरचं ताट सकाळपासून तसंच पडलेलं दिसत होतं. मास्तरांच्या मानेवरचा घाम गार झाला.

"सतरा दीडं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"साडेपंचवीस."

मास्तरांना अगदी गहिवरून आलं. आणि का कोण जाणे, अंगावर काटाही आला. त्यांनी कॅटलॉगात तिच्या नावापुढे पेन्सिलीनं 'पास' लिहिलं, तेवढ्यात आतून विचारणा झाली, पास झाले का म्हणून. साहेबांची अट आठवून मास्तर म्हणाले, ते मी तुझ्या आईला सांगेन, तिच्याकडून ऐक हो.

ते वळले तर पाणंदीतून येसूबाईच वर येत होती. खांद्यावर कुदळ. हात कोपरापर्यंत तांबड्या मातीनं भरलेले. ही बातमी कधी एकदा तिला सांगतो असं मास्तरांना झालं होतं, पण तोंड उघडायच्या आत तीच बोलली.

"उशीर केलात, गुरजी. पहाटं गेली माझी दमा."

येसूबाई सांगत राहिली. खांदा द्यायला वाडीतलं एक माणूस पुढे आलं नाही. तिनं एकटीनंच उचलून नेली, एकटीनंच खड्डा खणला. रात्रभर पोरगी तापाच्या भरात दीडकी म्हणत होती. सतरापाशी आली की थांबायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

"तेवडी परीक्षा रायली वो तिची," ती म्हणाली.

मास्तरांनी कॅटलॉग छातीशी घट्ट धरला. खोटं बोलायची त्यांना गरज नव्हती, आणि खरं बोलायचा धीर होत नव्हता.

"राहिली नाही," ते कसेबसे म्हणाले. "पास झाली. आईला सांगेन म्हणून मी तिला शब्द दिलाय."

येसूबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. मग घराच्या अर्धवट उघड्या दाराकडे पाहिलं. डोळ्यांत तिच्या पाण्याचा टिपूस नव्हता.

आतून हाक आली, "आये!"

मास्तर डिपोटीसाहेबांच्या सगळ्या अटी विसरून कुंपणाच्या आत शिरले आणि वाट अडवून तिच्यापुढे उभे राहिले. "ओ देऊ नका, येसूबाई. तिसरी येऊ दे."

"आये!"

दोघंही थांबली. कातळावर ऊन तापत होतं. पान हलत नव्हतं. मास्तर आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या हाकेसाठी देवाची करुणा भाकत होते.

"तिसरी यायची नाय, गुरजी," येसूबाई म्हणाली.

तिनं कुदळ कुंपणाला टेकवून ठेवली. हातांची माती पदराला पुसली.

"ओ गो बाय, आले," ती म्हणाली, "पास झालीस," आणि आत गेली.